एक म्हणजे करंगळी

विष्णुपंत आठल्ये मुंबईला भाचीच्या मुलाच्या शाळेत गेले आणि तिथे जे पाहून आले, त्याने बदलापूरच्या बेलवलीतल्या बालमंदिराच्या मालिनीबाई खांबेट्यांची झोप उडाली. विष्णुपंत म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना कुठे कुठे जाऊन काहीतरी पाहून यायची फार वाईट खोड होती. मागे एकदा ते कुठल्याशा शाळेत मुलांना काट्याने खाताना पाहून आले, तेव्हा बालमंदिरातली पोरं दोन महिने पोह्यांचे दाणे काट्याला टोचत बसली होती.

"पियानो!" विष्णुपंत टेबलावर हात आपटून म्हणाले. "तिथल्या बाई नुसता पियानो वाजवतात. सूर वर चढला की अख्खा वर्ग उभा. सूर खाली आला की वर्ग खाली. तोंडातून एक शब्द नाही! 'उठा' नाही, 'बसा' नाही, 'गप्प बसता की येऊ?' नाही."

शेवटचं वाक्य मालिनीबाईंकडे बघून होतं. त्यांचा आवाज खरोखरच स्टेशनापर्यंत जात असे.

एक्याण्णव सालचा दसरा नुकताच सरला होता. बदलापुरात जो तो पोराला टाय बांधून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवत होता आणि मालिनीबाईंच्या लहान शिशुवर्गाच्या पटावर जेमतेम बावीस मुलं उरली होती. विष्णुपंतांनी ठरवूनच टाकलं. जूनपासून बालमंदिराचं के.जी. होणार. कल्याणच्या एका जुन्या रेल्वे-बंगल्यातून निघालेला पियानो संस्थेने घेतलाही होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याचं उद्घाटन होणार आणि बघायला गावातल्या सगळ्या पालकांना बोलावणार.

"त्या दिवशी पोरं सुरावर उठली-बसली आणि पालकांनी नवे फॉर्म भरले, तर के.जी. तुमचं, खांबेटेबाई. नाहीतर पियानोवाली बाई आपण बाहेरून आणू. तुम्ही भांडार सांभाळा."

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे गणवेश, पाट्या आणि झुरळं असत. मुलं तिथे वर्षातून एकदा चड्डीचं माप द्यायला येत, तीही रडत. मालिनीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. चौदा वर्षं त्या दर जूनमध्ये तीस-चाळीस रडकी तोंडं कडेवर घेत आल्या होत्या आणि त्यातच त्यांचं सगळं भागत होतं. त्यांनी घरी येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मला पियानो शिकायचाय." शशिकांत खांबेटे अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम-कीपर होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "कितीच्या पाळीला?"

शिकवणी सुहासिनी रणदिव्यांनी शोधली. ही मोठ्या शिशुवर्गाची बाई, वय अठ्ठावीस, जीभ पट्ट्यासारखी चालायची. "उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये लालवानी मॅडम आहेत, मालिनीताई. ग्रुपमध्ये शिकवतात. तीन महिन्यांत बेसिक हात बसतो म्हणे. मी पण येते, उद्या मोठ्या वर्गाला पण पियानो निघाला तर?"

आता पहिल्याच दिवशी घोळ झाला, आणि तो असा. त्या संध्याकाळी एका मुलाची आई त्याला न्यायला आलीच नाही. चांगुणा आया म्हणाली, "बाय, मी बसतंय ना हिकडं, तू जा." पण पोर बाईंचा पदर सोडीना. सात वाजता आई धापा टाकत आली आणि मालिनीबाईंची शिकवणी बुडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुहासिनीला गाठलं.

"काय शिकवलं गं?"

"काही नाही हो. उजव्या हाताच्या बोटांना नुसते नंबर दिले. एक, दोन, तीन, चार, पाच. लिहून घेतलंय मी." तिने वही पुढे केली. वहीत हात काढलेला नव्हता. नुसते पाच आकडे होते.

"एवढंच?"

"एवढंच. सोप्पंय."

खरंच सोपं होतं. मराठी माणूस बोटं मोजायला लागला की करंगळीपासून लागतो. एकादशीला किती दिवस, मुंजीला किती पानं, सगळं करंगळीपासून. मालिनीबाईंनी तर चौदा वर्षं पोरांची इवलीइवली करंगळी धरून "हा एक" म्हणून अंकगणित सुरू करून दिलेलं. तेव्हा करंगळी एक आणि अंगठा पाच, यात विचारण्यासारखं काय होतं? त्यांनी विचारलं नाही. पियानोवाल्यांच्या जगात अंगठ्याला एक म्हणतात, ही गोष्ट बेलवलीपर्यंत आलेलीच नव्हती.

दुसऱ्या शिकवणीला त्या वेळेवर गेल्या. कॅम्प चारमधल्या एका जुन्या बराकीत पुढच्या बाजूला लालवानीशेठचा खोक्यांचा कारखाना होता आणि मागच्या खोलीत मॅडमची शिकवणी. खोलीत दोन लांबच लांब बाकं, त्यांच्यापुढे अकरा बायका आणि प्रत्येकीपुढे पुठ्ठ्याची एक लांब पट्टी. पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या. मालिनीबाईंनी आपला पुठ्ठा उलटून पाहिला, तर मागे छापलं होतं, 'नाजूक सामान, सावधान'.

मालिनीबाईंनी चहूकडे पाहिलं. "मॅडम, पियानो कुठे आहे?"

लालवानी मॅडम सत्तरीला टेकलेल्या होत्या. शिकायला आलेल्या प्रत्येकीला त्या अदी, म्हणजे सिंधीत ताई, म्हणत. जाड भिंगांतून त्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. "पियानो है ना, अदी. कराची में."

बाकावर कोणी हसलं नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो पियानो दिवाणखान्यात तसाच ठेवून, वर फुलदाणीसुद्धा तशीच ठेवून त्या आल्या होत्या. नवऱ्याने खोक्यांचा धंदा काढला तेव्हा पहिल्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपल्या हाताने पट्ट्या रंगवल्या. तेव्हापासून त्या असंच शिकवत. "पहिले हाथ, बाद में कान," असं त्या म्हणायच्या. "आवाज आला ना, की माणूस हाथ बघत नाय. फक्त स्वतःवर खूश होते." मालिनीबाईंना हे पटलं. बालमंदिरातही त्या पोरांना आधी हवेत 'ग' काढायला लावत.

मॅडमची खरी कसोटी मात्र वेगळी होती. त्या प्रत्येकीच्या मनगटाच्या पुढे, हाताच्या पाठीवर एक ग्लुकोज बिस्कीट ठेवत. "हाथ सरळ पाहिजे. बिस्कीट पडला तो फेल. नाय पडला तो खा." मग त्या पट्टीने टेबलावर ताल धरून मोठ्याने आकडे म्हणत, "एक एक दोन तीन, तीन चार पाच पाच!" आणि अकरा जणी आवाज न करता पुठ्ठ्यावर बोटं चालवत. प्रत्येकीची नजर आपापल्या बिस्किटावर. मॅडमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना बोटं दिसत नसत, पण बिस्कीट पडल्याचा आवाज बरोब्बर ऐकू येई.

मालिनीबाईंचं बिस्कीट कधीच पडलं नाही. चौदा वर्षं शेकडो पोरांचा हात हातात धरून अक्षरं गिरवलेलं ते मनगट, ते कशाला हलतंय? तिसऱ्या आठवड्यात मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "इनको देखो. ह्याला बोलते हाथ!" सुहासिनीची तोवर सोळा बिस्किटं खाली पडली होती. ती कुजबुजली, "ताई, तुम्ही फेविकॉल लावता का हो?"

विष्णुपंतांसाठी मॅडमने दोन धुना बांधून दिल्या. उठायची धून एकपासून पाचपर्यंत जाणारी. बसायची धून पाचपासून एकपर्यंत. मालिनीबाई रोज संध्याकाळी ओट्याशेजारी पुठ्ठा मांडून त्यांचा रियाझ करत. उठायची धून त्या करंगळीपासून सुरू करत आणि अंगठ्यावर संपवत, म्हणजे उजवीकडून डावीकडे.

शशिकांत एकदा मागे येऊन उभे राहिले. "हे उजवीकडून काय वाजवतेस? उर्दू आहे का?"

"सिंधी आहेत त्या," मालिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "सिंधी उजवीकडूनच लिहितात."

शशिकांत पुन्हा पेपर वाचायला गेले. शिवाय मालिनीबाईंच्या डोक्यात त्याचा पुरावाही होता. जन्मभर त्यांनी भजनाला, कीर्तनाला जाऊन पेटी पाहिली होती, पण पाहिली ती समोर बसून. समोरून पाहिलं की पेटीवाल्याचा हात वरच्या सुरांना बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला जातो. म्हणजे सूर डावीकडे चढतो, हे त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कुणी पुस्तकात लिहून दाखवलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं.

इकडे वर्गात त्यांनी पोरांना तोंडी तयार केलं. गळ्याने सूर चढवला की उभं, उतरवला की खाली. पोरं इतकी पटाईत झाली की जेवणाच्या सुट्टीत चांगुणाने नळावर बादली भरायला लावली आणि पाणी चढत्या आवाजात भरू लागलं, तरी चार जण डबे टाकून उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी निदान एकदा खऱ्या पियानोवर हात टाकून बघायचा होता. त्यांनाही ते सुचलं होतं. पियानो संक्रांतीच्या आधीच टेंपोतून आला. आठ जणांनी तो उतरवला. विष्णुपंतांनी लगेच त्याच्यावर लाल कापड घातलं, कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली.

"जरा एकदा वाजवून बघू का?" मालिनीबाईंनी विचारलं.

"मुहूर्ताआधी? नारळ फुटायच्या आधी?" विष्णुपंत असे दचकले, जणू त्यांनी नैवेद्याच्या ताटातली जिलबी उचलली. "नव्या वस्तूला आधी पूजा, मग हात. आणि तुम्हाला कशाला सराव? त्या लालवानीबाई म्हणाल्या मला, तुमचा हात पहिला आलाय."

हे खरंच होतं. बिस्किटात त्या पहिल्या आल्या होत्या.

रविवार उजाडला. सभागृह म्हणजे दोन वर्गांमधली लाकडी भिंत सरकवून केलेली जागा. पार कात्रपच्या वस्तीपासून पालक आले होते. पहिल्या रांगेत मॅडमना मुद्दाम बसवलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून कर्णिकसाहेब नावाचे एक निवृत्त शिक्षणाधिकारी येणार होते, ज्यांचे गुडघे त्यांच्याआधी निवृत्त झाले होते. बावीस मुलं सतरंजीवर मांडी घालून, हाताची घडी, तोंडावर बोट. नारळ फुटला, कापड निघालं, आणि मालिनीबाई नवी इरकल नेसून पियानोपुढे बसल्या. त्यांनी चोरून एकदा पोरांकडे पाहिलं. जूनमध्ये ही त्यांची असतील की नाही, ते पुढच्या पाच मिनिटांत ठरणार होतं.

"पाहुणे आले!" दारातून विष्णुपंतांनी खूण केली.

मालिनीबाईंनी उठायची धून सुरू केली. एक एक दोन तीन, तीन चार पाच पाच. मनगट असं स्थिर की वर बिस्किटाचा अख्खा पुडा राहिला असता. आणि करंगळीपासून निघालेला तो सूर जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली, खाली, खाली गेला.

पोरं गोंधळली. ती तर आधीच बसलेली होती. सूर सांगत होता, खाली. बसलेल्या माणसाने आणखी खाली कुठे जायचं? बाईंनी शिकवलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. पुढच्या ओळीतली एक मुलगी विचार करून हळूच आडवी झाली. ते बघून शेजारचा झाला. मालिनीबाईंना वाटलं, पोरांना ऐकू गेलं नसेल. त्यांनी तीच धून जोरात वाजवली. बावीसच्या बावीस मुलं सतरंजीवर झोपली, आणि कर्णिकसाहेबांचं स्वागत झालं ते अशा शांततेत.

"अगं बाय, पोरां निजली की!" मागून चांगुणा म्हणाली.

कर्णिकसाहेब थबकले. "योगासनं का?"

"श-शवासन," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी साहेबांना खुर्चीपर्यंत नेलं. साहेब दोन्ही हातांनी गुडघे धरून, मोठा सुस्कारा टाकून बसले.

निदान पोरं उठून बसावीत म्हणून मालिनीबाईंनी बसायची धून धरली. पाच पाच चार तीन, तीन दोन एक एक. आता सूर चढला. झोपलेली बावीस मुलं ताडकन उठून सावधान उभी राहिली. अख्खा वर्ग एकदम ताठ उभा पाहून कर्णिकसाहेबांना वाटलं, राष्ट्रगीत. ते गुडघे धरून उठले. साहेब उठले म्हणून विष्णुपंत उठले, विष्णुपंत उठले म्हणून संचालक मंडळ उठलं, आणि मंडळ उठल्यावर पालक तरी कसे बसणार?

"बसा, बसा," असं मालिनीबाई मनात म्हणाल्या आणि बसायची धून पुन्हा वाजवली. सूर पुन्हा चढला. पोरं उभीच होती. ती टाचा उचलून चवड्यांवर गेली. एक आज्ञाधारक मुलगा बाकावर चढला. कर्णिकसाहेब कुंथत म्हणाले, "राष्ट्रगीत सुरू का होत नाहीये?"

मालिनीबाईंच्या डोळ्यांपुढे जिन्याखालची खोली आली. काय चुकतंय तेच कळेना. आकडे बरोबर, बोटं बरोबर, मनगट बरोबर. तीन महिने मुक्या पुठ्ठ्यावर वाजवून कानाने ऐकायचं त्या विसरूनच गेल्या होत्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून लालवानी मॅडमचा आवाज आला. त्यांना दिसत काही नव्हतं, पण कान चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे तसेच शाबूत होते.

"उल्टा! अदी, उल्टा!"

आता बदलापूर-उल्हासनगरात ज्याचा जन्म गेला, त्याला 'उल्टा' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. रिक्षावाला म्हणतो 'उल्टे हाथ को लो', भाजीवाला म्हणतो 'उल्टे हाथ की दुकान'. उल्टा हात म्हणजे डावा हात. बाईंनी दुसरा विचारच केला नाही. त्यांनी उजवा हात उचलला आणि त्याच जागी डावा ठेवला. करंगळी एक, अंगठा पाच. डाव्या हाताने ती धून आयुष्यात कधी वाजवली नव्हती, पण डावा हात म्हणजे उजव्याचंच आरशातलं रूप. तीन महिने शेजारी स्वस्थ बसून त्याने सगळं पाहिलं असावं. पाच पाच चार तीन, तीन दोन एक एक. जरा अडखळत, पण सूर खाली आला.

बावीस मुलं बसली. बाकावरचा उतरला. कर्णिकसाहेब "हुश्श" करून बसले आणि मग सगळं सभागृह बसलं. बाईंनी डाव्या हातानेच उठायची धून घेतली. वर्ग उभा. बसायची, वर्ग खाली. एक शब्द नाही, एक ओरडा नाही. दोनदा, तीनदा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या, कारण त्यांना शेवटी बाई कळल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मालिनीबाई आधी मॅडमजवळ गेल्या. मॅडम तोवर चाचपडत पियानोपाशी येऊन बसल्या होत्या. हात पट्ट्यांवर ठेवला होता, दाबला मात्र नव्हता.

"मॅडम, तुम्ही 'उल्टा' म्हणालात म्हणून वाचले. डावा हात घ्यायचं मला सुचलंच नसतं."

"हाथ?" मॅडमने मान वर केली. "मैंने हाथ थोडे ही बोला! धून उल्टी जा रही थी. तुम्ही एक नंबर कुठला बोट घेतली?"

"करंगळी."

मॅडमनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. मालिनीबाईंना वाटलं, रडतायत की काय. पण त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तीन महिने! मैं तो सिर्फ बिस्कीट देखती थी, अदी. मला माफ करो." आणि त्यांनी अंगठ्याने एक पट्टी दाबली. एकच. तो सूर विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मालिनीबाईंना तिथे उभं राहणं अवघड झालं आणि त्या हळूच बाजूला झाल्या.

तर समोर विष्णुपंत. चेहरा लाल.

"खांबेटेबाई, आधी पोरं झोपवलीत, ते मी शवासन म्हणून निभावलं. साहेबांचे गुडघे गेले, तेही सोडा. पण डाव्या हातानं? आत्ता नारळ फुटलाय, स्वस्तिकाचं कुंकू ओलं आहे, आणि पहिल्याच दिवशी डाव्या हातानं? लोक काय म्हणतील? आपल्या शाळेत आपण पोरांना डाव्या हातानं साधा प्रसाद घेऊ देत नाही! उद्यापासून तुम्ही भांडारात..."

"सर." मागून एका बाईंचा आवाज आला. हातात शाळेचा कोरा फॉर्म होता आणि मागे पदराआड एक चार वर्षांची मुलगी. "सर, मी द्रौपदी साळवे, कात्रपहून आले. तुमच्या शाळेत डावरी पोरं चालतात, हे तुम्ही बाहेर पाटीवर का नाही लिहिलं हो?"

विष्णुपंत दाराबाहेरच्या पाटीकडे वळून बघू लागले.

"तीन शाळा झाल्या. सगळीकडे एकच, आधी हात बदला, मग आणा. एके ठिकाणी तर हिचा डावा हात बाकाला बांधला होता. आमची प्रज्ञा बोलायचीच बंद झाली, सर. आणि आज बघते तर इथल्या मोठ्या बाईच सगळ्यांसमोर डाव्या हाताने वाजवतायत! मला रडूच आलं."

"आमचापण डावराच आहे," मागून एक गृहस्थ पुढे आले. "फॉर्म कुठे मिळेल?"

"माझ्या पुतणीलाही..." आणखी कोणी म्हणालं. बघता बघता सात-आठ जण गोळा झाले. बदलापुरात इतकी डावरी पोरं आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. आजवर ती सगळी घरात लपवून ठेवलेली असत.

विष्णुपंतांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे. मग त्यांनी छाती पुढे काढली. "अर्थात! म्हणून तर उद्घाटनाच्याच दिवशी, मुहूर्तावर, मुद्दाम डाव्या हाताने! आमच्या संस्थेचं ते धोरण आहे. या, या, इकडे टेबलापाशी या. के.जी.च्या बाई ह्याच, खांबेटेबाई."

अशा रीतीने मालिनीबाईंना त्यांचा वर्ग मिळाला. त्यांनी आनंदाने उडी मारायला हवी होती, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या प्रज्ञाकडे बघत होत्या. पोरीने आपला डावा हात फ्रॉकच्या मागे मुठीत धरून ठेवला होता, चोरीचा माल लपवावा तसा. मालिनीबाईंना एकेक तोंड आठवायला लागलं. चौदा वर्षांत असे किती आले असतील? दहा? बारा? त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. फक्त डाव्या हातातली पेन्सिल काढून, लाडाने, 'शहाणा ना माझा बाळ' म्हणत उजव्या हातात दिली होती. रोज. पोर रडायचं थांबेपर्यंत. त्या स्थिर मनगटाचं त्यांना किती कौतुक होतं!

द्रौपदीने त्यांचा हात धरला. "बाई, तुम्हीपण डावऱ्याच ना हो? लहानपणी तुमचा हात कुणी बदलला नाही?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. विष्णुपंत मागून डोळे मोठे करून 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा करत होते.

मालिनीबाईंना खोटं बोलता आलं नाही. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मी उजवीच आहे. ते माझं... माझं चुकलं होतं."

त्या पुढे करंगळीचं सांगणारच होत्या. पण द्रौपदीचा चेहरा बदलला. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तिचे डोळे भरून आले.

"तीन शाळा फिरले, बाई," ती म्हणाली. "पोरांचा हात बदलला, माझं चुकलं, असं म्हणणाऱ्या बाई तुम्ही पहिल्याच भेटलात."

मालिनीबाई खुलासा करायला म्हणून तोंड उघडून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते मिटलं. द्रौपदीने ऐकलं होतं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या खाली बसल्या, प्रज्ञाच्या उंचीला आल्या आणि फॉर्मवरची पेन्सिल उचलून त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत तिच्यापुढे धरली.

"घे," त्या म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा, पोर कुठला हात पुढे करतंय याची त्या नुसती वाट बघत राहिल्या.